चिमणीचा च, चाकाचा च

३ जून २०२४, सोमवार. सकाळी ७.

नवी वही. आजपासून रोज लिहिणार. तेहतीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाने रोजनिशी ठेवू नये हे शोभत नाही. रिटायर होऊन अकरा वर्षं झाली, पण आधी वेळ कुठे होता.

महत्त्वाची नोंद. काल रणजित येऊन गेला. माझा जुना विद्यार्थी, बारामतीत स्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. श्यामलाच्या लॅपटॉपवर त्याने 'बोलकी पाटी' नावाचा प्रोग्राम टाकला. स्क्रीनवरचं मराठी हा प्रोग्राम मोठ्याने वाचतो. आपण टाइप करू ते अक्षरही बोलतो. आवाज बाईचा आहे. काचबिंदूने श्यामलाचे दोन्ही डोळे गेले त्याला दीड वर्ष झालं. या दीड वर्षात तिला रोज पेपर वाचून दाखवायचा असा माझा नियम होता. बहुतेक दिवशी निदान मथळे वाचलेच.

प्रोग्राम फुकट आहे. रणजित म्हणाला, फुकट नाही सर, मुक्त. कोणीही वापरायचा, वाटायचा, सुधारायचा. मी म्हटलं अर्थ एकच. तो गप्प बसला. विद्यार्थी गप्प बसला म्हणजे त्याला पटलं.

४ जून.

श्यामला सकाळपासून लॅपटॉपसमोर. चहा मी केला. साखर राहिली. तिने तसाच घेतला.

९ जून, रविवार.

श्यामला लिहायला लागली! निमगाव केतकीच्या शाळेत ती १९७८ साली पहिल्यांदा नोकरीला लागली, तिथल्या आठवणी. एक अक्षर दाबते, बाई ते बोलते, चुकलं तर ही पुसते. दिवसाला अर्धं पान. वेळ चांगला जातो तिचा. माझं व्याकरणाचं पुस्तक मात्र पहिल्याच प्रकरणात अडकलंय, कारण घरात आता सतत बाई बोलत असते.

१२ जून.

प्रोग्रामात गंभीर चूक सापडली. श्यामलाने लिहिलं होतं, 'डब्यात रोज जून भेंडी'. बाईने जून असं वाचलं की जणू मे-जूनची भेंडी. श्यामला खळखळून हसली. दीड वर्षात पहिल्यांदा हसली असेल. मी हसलो नाही. नंतर 'चारा' आला, तर चिमणीचा च लावून वाचला. मराठीत च दोन आहेत, एक चिमणीचा, एक चाकाचा. ज आणि झचंही तसंच. लिहायला सारखे, बोलायला वेगळे. पहिलीतल्या पोराला कळतं, या मशीनला कळत नाही.

कडक तक्रार करणार.

१३ जून. सकाळी ११.

तक्रार केली. प्रोग्रामचं इंटरनेटवर पान आहे, तिथे लिहिता येतं. 'मा. मॅनेजिंग डायरेक्टर, बोलकी पाटी कंपनी' अशी सुरुवात केली. सात दिवसांची मुदत दिली.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६.

उत्तर आलं. अबोली नावाची कोणी बाई. (बोलका प्रोग्राम करणारीचं नाव अबोली. श्यामलाला हा विनोद सांगितला. तिला तो मला सुचायच्या आधीच सुचला होता.) बाई लिहिते, तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे सर, पण ही कंपनी नाही. आम्ही चार-पाच जण नोकरी सांभाळून हे करतो, सध्या जवळजवळ मी एकटीच आहे. च, ज, झ असलेले चोवीसशे शब्द काढून ठेवलेत, प्रत्येकापुढे फक्त खूण करायची, चिमणी की चाक. भाषेतलं कोणी जाणकार भेटलं तर पुढच्या आवृत्तीत हे सगळं सुधारेल. तुम्ही कराल का?

जाणकार हा शब्द तिने आपणहून वापरला.

होकार कळवला. पंधरा दिवस म्हणालो. आठ दिवस खरं तर खूप झाले, पण समोरच्याला सुखद धक्का बसायला जागा ठेवावी.

१५ जून.

त्या पानावर आता छापून आलंय, 'उच्चार यादी : चिं. ना. सोनटक्के सर (काम चालू)'. रणजितकडून रंगीत प्रिंट काढून आणली. शोकेसमध्ये लावली. श्यामलाला सांगितलं. तिने काचेवरून हात फिरवला आणि म्हणाली, छान. मग विचारलं, किती शब्द झाले?

उद्यापासून रोज शंभर.

२९ जून.

पंधरा दिवस झाले. शब्द : चाळीस. पण यादीला प्रस्तावना हवी हे लक्षात आल्याने ती घेतली. 'मराठीतील च : एक चिंतन'. अकरा पानं झाली, अजून मूळ मुद्द्याला यायचंय. अबोलीला कळवलं की काम पायाभूत स्वरूपाचं असल्याने वेळ लागेल. ती म्हणाली सर, प्रस्तावना नसली तरी चालेल. तरुण पिढीला घाई असते.

२१ जुलै, रविवार.

शब्द : चाळीसच. पाठदुखी. शिवाय खुर्ची बदलायला हवी.

बाईने आज 'जरा'चा उच्चार बिघडवला. त्या पानावर तक्रार केली. ही माझी नववी.

४ ऑगस्ट.

अबोलीचा निरोप. फलटणच्या राजलक्ष्मी नावाच्या बाईंनी अर्धी यादी करून द्यायची तयारी दाखवली आहे, पाठवू का त्यांच्याकडे? मी स्पष्ट नाही कळवलं. एका कामात दोन हात आले की एकवाक्यता जाते. 'यादी माझी जबाबदारी, आपण निश्चिंत असावे.' त्या बाई दुसऱ्या कामाला लागल्या म्हणे. बरं झालं.

श्यामलाला हे सांगितलं तेव्हा ती टाइप करत होती. बोटं थांबली. मग पुन्हा लिहायला लागली. चौतीस पानं झालीत तिची.

१८ ऑगस्ट, रविवार.

श्यामलाने अबोलीला पत्र लिहिलं. दोन पानं. मेलवर नको म्हणाली, छापून आणा, खाली सही मी करते. मी कागदावर बोट ठेवून जागा दाखवली. सही तिरपी गेली, शेवटचा 'ला' कागदाबाहेर टेबलावर गेला. सोबत घरी दळलेल्या मेतकुटाची बरणी. पत्ता रणजितने काढून दिला. पत्ता बघून थक्क झालो. लासुर्णे! मी ही बाई बंगळूरला काचेच्या इमारतीत बसते असं धरून चाललो होतो. भवानीनगरच्या साखर कारखान्यात लॅबमध्ये नोकरी करते, आईवडिलांकडे लासुर्ण्याला राहते. एसटीने इथून पाऊण तास.

श्यामला म्हणाली, मग पोस्टाने कशाला, रविवारी दोघं जाऊन येऊ. मी म्हटलं रिकाम्या हाताने जाणं बरं दिसत नाही, यादी पूर्ण करून एकदमच जाऊ. पत्र माझ्या ड्रॉवरमध्ये सुरक्षित ठेवलं आहे.

५ सप्टेंबर. शिक्षक दिन.

एका शाळेत प्रमुख पाहुणा. विषय 'आपल्यावरचं भाषेचं ऋण'. पन्नास मिनिटं बोललो. बोलक्या पाटीतल्या माझ्या योगदानाचा उल्लेख ओघात तीन वेळा आला. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या गोष्टींमागे किती निःस्वार्थ लोक राबत असतात हे सांगताना माझाच गळा भरून आला. मुख्याध्यापिकांनी डोळे पुसले. टाळ्या.

यादी : चाळीस.

२२ सप्टेंबर.

मेतकूट संपलं. भातावर चांगलं लागतं. यादी पूर्ण होईपर्यंत नाहीतरी खराबच झालं असतं.

९ ऑक्टोबर. श्यामलाचा सदुसष्टावा वाढदिवस. दुपारी २.

अतिशय मनस्ताप. श्यामलासाठी कविता केली. 'जग तू आनंदे शंभर वर्षे' अशी पहिली ओळ. तिच्या लॅपटॉपवर टाकून ठेवली, म्हणजे तिने एकटीने ऐकावी. बाईने 'जग' असं वाचलं की जणू दुनिया. पृथ्वीला उद्देशून कविता झाली. श्यामला म्हणाली अहो कळलं मला, गोड आहे. पण माझा विरस झाला तो झालाच.

ताबडतोब त्या पानावर सविस्तर लिहिलं. या वेळी मागे-पुढे पाहिलं नाही. 'चार महिने उलटूनही साधे उच्चार दुरुस्त न होणे ही मराठी भाषेची विटंबना आहे. जमत नसेल तर करू नये. फुकट आहे म्हणून काहीही खपवून घ्यायला वापरकर्ते भिकारी नाहीत. जबाबदार व्यक्तीने जाहीर माफी मागावी.'

लिहून झाल्यावर हलकं वाटलं. शिक्षक रागावतो तो प्रेमापोटीच.

१० ऑक्टोबर.

सतरा जणांनी माझ्या लिखाणाखाली अंगठे दिले. एकाने लिहिलं, 'सर, आम्ही तुमच्यासोबत.' वापरकर्त्यांचं नेतृत्व नकळत माझ्याकडे आलेलं दिसतं.

अबोलीचं उत्तर एका ओळीचं. 'माफ करा. सर, यादी कधी मिळेल?'

ही ओळ माझ्या लिखाणाखाली सगळ्यांना दिसते आहे. ती काढायची सोय मला सापडली नाही.

११ ऑक्टोबर. दुपारी ४.

श्यामलाने ते सगळं वाचलं. म्हणजे ऐकलं. नवीन आवृत्ती आली का हे बघायला ती त्या पानावर गेली होती. मी बाजारातून आलो तर ती लॅपटॉप मिटून बसली होती. मी विचारलं बरं नाही का. तिने लॅपटॉप बाजूला सारला. मग म्हणाली,

"हा आवाज अबोलीचाच आहे, माहीत आहे तुम्हाला? पानावर लिहिलंय तिने. बाहेर उसाचे ट्रॅक्टर जातात म्हणून डोक्यावर वाकळ घेऊन तीन महिने बोलत होती. तुम्ही तिला जे लिहिलंत ते तिच्याच तोंडून ऐकलं मी."

मी म्हटलं मशीनला काय कळतं. ती म्हणाली मशीनबद्दल बोलत नाहीये मी.

रात्री जेवली नाही. पित्त झालं असेल.

१२ ऑक्टोबर. दसरा.

संकल्प : दिवाळीच्या आत यादी. रोज दोनशे शब्द. प्रस्तावना बाजूला. माफीचं एक पत्रही लिहावं असं मनात आहे, पण माफीत माझी बाजूही यायला हवी, म्हणजे ते लांबणार. यादीसोबतच देऊ.

३ नोव्हेंबर.

दिवाळीत पाहुणे. पाहुणे गेल्यावर थकवा.

अबोलीने कळवलं, मी ऑक्टोबरात पंधरा दिवसांची रजा यादीसाठी राखून ठेवली होती, ती आता संपली. कारखान्याचा सीझन सुरू होतोय, शिफ्ट लागतील, यादी आली तरी मार्चपर्यंत हात लावता येणार नाही.

म्हणजे मुदत आपोआप मार्चपर्यंत वाढली. मनावरचं मोठं ओझं उतरलं.

२४ नोव्हेंबर, रविवार. सकाळी १०.

पानावर अबोलीची सूचना. उतरवून घेतो.

'बोलकी पाटीचं काम मी आजपासून थांबवते आहे. सहा वर्षं झाली. नव्या कॉम्प्युटरांवर चालवायचं तर पुष्कळ भाग पुन्हा लिहावा लागेल, तेवढी ताकद आता माझ्यात नाही. सगळं उघडं आहे, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. कोणीही घ्यावं आणि पुढे न्यावं. ज्यांनी मदत केली त्यांचे आभार. चुका राहिल्या त्याबद्दल क्षमस्व.'

कोणीतरी पुढे नेईलच. इतके लोक वापरतात. मी खाली लिहिलं, 'तरुणांनी पुढे यावे.' अकरा अंगठे.

श्यामलाने सूचना दोनदा ऐकली. मग म्हणाली आज भाजी तुम्ही निवडा.

१ डिसेंबर.

कोणी पुढे आलं नाही. सतरा जण माझ्यासोबत होते त्यांना लिहिलं. तिघांनी उत्तर दिलं, तिघांचंही म्हणणं की तुम्हीच करा सर.

खरं आहे. मीच शिकतो. प्रोग्रामिंग ही शेवटी भाषाच. तिलाही व्याकरण असणार. संकल्प : तीस दिवसांत प्रोग्रामिंग.

३ डिसेंबर.

अल्पविराम राहिला म्हणून संपूर्ण प्रोग्राम चालत नाही, हे भाषेचं लक्षण नव्हे. तूर्त स्थगित.

१८ डिसेंबर, बुधवार. सकाळी ९.

लॅपटॉप आपोआप अपडेट झाला. श्यामलाने चालू केला, आवाज नाही. बंद करून पुन्हा चालू केला. आवाज नाही. मला हाक मारली. मी सगळी बटणं दाबली. मग ती एकेक अक्षर दाबत राहिली आणि दर अक्षरानंतर मान थोडी तिरपी करून थांबत राहिली. मी म्हटलं रणजितला बोलावतो.

त्याच दिवशी, दुपारी.

रणजित दोन तास बसला होता. नव्या सिस्टिमवर बोलकी पाटी उघडत नाही, जुन्या सिस्टिमवर परत न्यायचा प्रयत्न केला, तेही होईना. दुसरा एक तयार आवाज टाकून दिला. तो पुरुष आहे आणि ळ ला ल म्हणतो. टाइप केलेलं अक्षर लगेच बोलत नाही, ओळ संपल्यावर एकदम बडबडतो. श्यामलाने दहा मिनिटं प्रयत्न केला. मग रणजितला म्हणाली, तू दमलास बाळ, चहा घे.

जाताना दारात रणजित मला म्हणाला, सर, ती यादी तुम्ही दिली होती ना? मी म्हटलं अंतिम टप्प्यात आहे.

२५ डिसेंबर.

घर शांत आहे. व्याकरणाच्या पुस्तकाला अनुकूल वातावरण. वही उघडून दोन तास बसलो. श्यामला गॅलरीत खुर्ची टाकून बसते. काय करतेस विचारलं तर म्हणते बसलेय.

२६ डिसेंबर. सकाळी ८.

यादी घेतली. चाळीसपासून पुढे.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार. संध्याकाळी ५.

यादी पूर्ण. चोवीसशे शब्द, सुवाच्य अक्षरात, चिमणी निळ्या शाईत, चाक लाल शाईत. रोज तीन तास बसलो. एकूण नऊ दिवस लागले.

नऊच दिवस! ठरवलं तर माणूस काय करू शकतो याचं हे उदाहरण आहे. श्यामलाला अभिमानाने सांगितलं. ती म्हणाली, नऊ? मी म्हटलं नऊ. तिने मान हलवली.

आता रविवारी लासुर्ण्याला जायचं, यादी हातात ठेवायची, की अबोली पुन्हा कामाला लागेल. श्यामला येत नाही म्हणाली. मी कुठल्या तोंडाने येऊ म्हणाली. पण मेतकूट नवीन दळून घेतलं आणि ऑगस्टमधलं पत्र आठवणीने न्यायला सांगितलं.

५ जानेवारी, रविवार. दुपारी ४. घरी परत.

भेट यशस्वी झाली असं म्हणता येईल. सविस्तर लिहितो.

दहाच्या एसटीने गेलो. घर विचारत गेलो. कौलारू घर, पुढे अंगण, अंगणात अबोलीची आई बनाबाई हरभऱ्याची भाजी निवडत बसली होती. वडील रानात. मी नाव सांगितलं. ती हात थांबवून माझ्याकडे बघत राहिली.

"तुमीच व्हय ते सर? यादीचं? लई वाट बघितली पोरीनं तुमची."

तेवढ्यात आतून कोणीतरी म्हणालं, "या सर, बसा."

मी उभाच राहिलो. सहा महिने माझ्या घरात सकाळ-संध्याकाळ हाच आवाज होता. याच आवाजाला मी जून म्हणजे काय ते शिकवायला निघालो होतो. बारीक अंगाची, तिशी उलटलेली मुलगी, हातात पाण्याचा तांब्या. मी तयार केलेलं भाषण मला आठवेना.

यादी दिली. ती ओसरीवर बसून एकेक पान बघत राहिली, पंधरा-वीस पानं तरी. मध्येच पुटपुटून वाचायची. 'जून' ला थांबली. पुढच्या ओळीतल्या 'जून' वर बोट ठेवलं आणि हसली. म्हणाली सर, फार सुंदर केलंत, इतकं नीट कोणी केलं नसतं. मी म्हटलं मग नवी आवृत्ती कधी. तिने पानं एकसारखी केली.

ती म्हणाली मी आता नाही बसणार सर. मी म्हटलं माझ्यामुळे असेल तर. ती म्हणाली तुमचा राग नाही, तुमच्यासारखं लिहिणारे खूप होते. नव्या सिस्टिमसाठी सगळं पुन्हा लिहायचं तर वर्ष जाईल. कामावरून आल्यावर रोज त्यासमोर बसायचं आणि बसलं की आधी काय काय चुकलंय ते वाचायचं, ते आता होत नाही. मग म्हणाली,

"सहा वर्षांत चुकलेलं सगळं कळलं सर. कोण ऐकतंय ते कधी कळलंच नाही."

तेव्हा मी श्यामलाचं पत्र काढून दिलं.

तिने वाचलं. दुसरं पान वाचलं. पुन्हा पहिलं पान वर घेतलं आणि वरची तारीख बघितली. १८ ऑगस्ट. माझ्याकडे बघितलं नाही. सहीवरून बोट फिरवलं, जिथे 'ला' नाही तिथपर्यंत. मग विचारलं, काकू आता कशा लिहितात? मी म्हटलं सध्या ती विश्रांती घेते आहे.

ती उठून आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली ती तोंड धुऊन. तोवर मी आणि बनाबाई बसून होतो. बनाबाईंनी भाजी निवडत निवडतच सांगितलं,

"वाकळ मी धरायची वर, कडंनी. उन्हाळा होता. घामानं निथळायची पोरगी. कोन ऐकनार हाय गं म्हनलं, तर म्हनायची आसंल की कोनतरी."

चहा घेतला. चहात साखर होती.

यादी तिने ठेवून घेतली. म्हणाली पानावर टाकून ठेवते सर, पुढे कोणाला लागली तर. तुमचं नाव आहेच. मेतकूट घेतलं. काकूंना येऊन भेटेन म्हणाली, सीझन संपल्यावर. एसटीपर्यंत सोडायला आली.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

श्यामलाला म्हटलं सकारात्मक चर्चा झाली. ती म्हणाली म्हणजे नाही म्हणाली. मी म्हटलं तूर्त. मग तिने विचारलं, आवाज तोच आहे? मी म्हटलं तोच. भेटल्यावर पहिल्यांदा काय म्हणाली? मी सांगितलं, या सर, बसा.

श्यामला म्हणाली, ती म्हणाली तसं म्हणून दाखवा ना.

मी दोनदा म्हणून दाखवलं. जमलं नाही. तेहतीस वर्षं मुलांकडून मी उच्चार करून घेतले.

६ जानेवारी.

संकल्प. हा शेवटचा आणि सर्वात व्यवहार्य. श्यामलाने सांगायचं, मी लिहून घ्यायचं. मशीनची गरजच काय? रोज सकाळी नऊ ते अकरा. मला टाइप करणं जमत नाही, पण नवी वही आणली. हे आधीच करायला हवं होतं.

७ जानेवारी.

उत्तम सुरुवात. तिने शाळेच्या गॅदरिंगचं सांगितलं. अधूनमधून वाक्यरचना सुधारून घेतली. 'पोरं' च्या जागी 'विद्यार्थी' केलं. कर्ता-क्रियापदाचा मेळ तिला दोनदा समजावून दिला. एक पान.

८ जानेवारी.

अर्धं पान. आज तिला एका वाक्यात तीन 'आणि' कसे टाळता येतात ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

९ जानेवारी.

चार ओळी. बोलता बोलता थांबते. मी म्हटलं बोल की. ती म्हणाली तुम्ही लिहिताय तोवर मला काय म्हणायचं होतं ते जातं. मी हळू लिहीत असेन. वेग वाढवायला हवा.

११ जानेवारी, शनिवार.

श्यामला म्हणाली झालं लिहून माझं. मी म्हटलं इतक्यात? ती म्हणाली हो, संपलं. म्हणजे ठरवल्यापेक्षा लवकरच पूर्ण झालं. अभिनंदन केलं.

१४ जानेवारी. संक्रांत.

तिळगूळ. श्यामला दुपारभर गॅलरीत. मी पेपर वाचून दाखवतो म्हटलं. अग्रलेख वाचला. ती म्हणाली छान वाचता. मग म्हणाली आता थोडा वेळ काही नको.

२० जानेवारी, सोमवार. सकाळी ११.

तिच्या आठवणींचं छोटं पुस्तक काढायचं ठरवलं. तिला न सांगता. रणजितकडे लॅपटॉप नेला, फाइल छापून आणली. एकसष्ट पानं. पहिल्यांदाच वाचतो आहे. आजवर वेळ मिळाला नव्हता.

चांगलं लिहिलंय. खुणा करायला लाल पेन घेऊन बसलो होतो, ते पहिल्या चार पानांनंतर कुठे ठेवलं ते कळलं नाही.

शेवटचं पान १७ डिसेंबरचं आहे, आवाज गेला त्याच्या आदल्या दिवशीचं. पावसाळ्यातला एक दिवस. नदीला पाणी आलेलं, तरी मुलं आलेली. शेवटी असं आहे :

'बाकीची सगळी आत येऊन बसली. एक मुलगी उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. हाक मारली तरी येईना. फ्रॉक हातात घट्ट धरून भिजत होती. म्हणून मी उठले आणि तिला'

एवढंच. पुढे पूर्णविराम नाही.

गॅलरीत जाऊन श्यामलाला विचारलं, मग तू काय केलंस त्या मुलीला? ती म्हणाली कुठल्या? मी वाचून दाखवलं. तिने ऐकलं. चेहरा रस्त्याकडेच होता. म्हणाली, आता नाही आठवत.

श्यामलाला सगळं आठवतं. १९७८ चं हजेरीपत्रक ती अजून म्हणून दाखवते. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट तिने मला कधीतरी सांगितलीच असेल.

पुस्तकात अर्धं वाक्य बरं दिसणार नाही म्हणून पूर्ण करायला बसलो. 'आणि तिला जवळ घेतले.' 'आणि तिला हाताला धरून आत आणले.' 'आणि तिला माझ्या पदराने पुसून कोरडे केले.' तिन्ही वाक्यं शुद्ध आहेत. तिन्ही खोडली.

दुपार उलटून गेली. मी त्या अर्ध्या वाक्यात बसवता येईल असा एक शब्द शोधतो आहे, आणि त्या मुलीचं काय झालं ते मला माहीत नाही.